दांड्याचे दुसरे टोक

बागेतल्या बाकावर आपल्या शेजारी कोणी येऊन बसले आहे, हे अविनाशराव शिगवण यांना कळले नाही. बाक जुना होता. सिमेंटच्या दोन ठोकळ्यांवर टाकलेली एक लांब लाकडी फळी. कोणीही टेकले की ती दबे आणि आधी बसलेला माणूस किंचित खाली जाऊन वर येई. त्या संध्याकाळी फळी दबली, वर आली, पुन्हा दबली. अविनाशराव समोरच्या बंद कारंज्याकडे पाहत राहिले.

"शिगवण, रागावलात का माझ्यावर?"

अविनाशराव दचकले. त्यांच्याच इमारतीत राहणारे उपाध्ये शेजारी बसले होते.

"तुम्ही केव्हा आलात?"

"केव्हा आलो? अहो, हा माणूस आता मान वळवील, मग वळवील म्हणून वाट पाहतोय. शेवटी मुद्दाम बाक हलवून पाहिला. तुम्ही आपले देवळातल्या कासवासारखे."

उपाध्ये हसले आणि उठून फेऱ्या मारायला गेले. अविनाशराव हसू शकले नाहीत. नोकरीची सारी वर्षे त्यांनी पिंपरीच्या एका कारखान्यात कंपनमापकांची दुरुस्ती आणि तपासणी करण्यात घालवली होती. पंख्याचे पाते किती थरथरते, पुलाचा खांब ट्रकखाली किती हलतो, हे मोजणारी उपकरणे त्यांच्या हाताखालून गेली होती. असा माणूस ज्या फळीवर बसला होता ती हलली, आणि त्याला कळले नाही. त्यांनी तळहाताने फळी दाबून पाहिली. फळी हलत होती. तिच्याबरोबर आपणही हलतो आहोत असे मात्र वाटत नव्हते.

तीन वर्षांपूर्वी रक्तातल्या जंतुसंसर्गावर दिलेल्या एका जालीम औषधाने त्यांचा जीव वाचवला आणि तोल नेला. आपल्या प्रत्येक कानाच्या आत, ऐकण्याच्या यंत्रणेशेजारी, द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की आतला द्रव मागे रेंगाळतो आणि तिथल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी वाकतात. त्यांच्या तळाशी, एका चिकट थरावर, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे बारीक स्फटिक असतात. ते खाली-वर आणि मागे-पुढे होणारी हालचाल सांगतात. औषधाने त्या पेशी मारल्या. अविनाशरावांना बहिरेपण आले नाही, पण चालताना जग उड्या मारू लागले. दुकानांच्या पाट्या वाचण्यासाठी त्यांना थांबावे लागे. अंधाऱ्या जिन्यात वर कुठे आणि खाली कुठे हे भिंतीला विचारावे लागे.

तेव्हा त्यांच्या मुलीने, तेजलने, ब्रिस्बेनहून सगळी व्यवस्था करून त्यांना तोलक बसवून घेतला. तांदळाच्या दाण्याएवढे गतिमापक कानामागच्या हाडात, आणि तिथून तोल वाहणाऱ्या मज्जातंतूपर्यंत गेलेल्या तारा. पत्नीच्या मृत्यूनंतर अविनाशराव चिंचवडला एकटेच राहत होते. तोलक बसल्यावर ते एकटे राहू शकत होते, हा त्या यंत्राचा मोठा गुण होता.

वार्षिक तपासणीच्या दिवशी त्यांनी बाकाची गोष्ट डॉक्टर अस्मिता केळुस्करांना सांगितली.

"बाक हलला हे त्वचेला कळलंच असणार, काका," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्वचा एकटी बोलली तर मेंदू लगेच विश्वास ठेवत नाही. तो कानाची साक्ष काढतो. बसस्थानकावर शेजारची बस मागे सरकली की आपलीच निघाली असं वाटतं ना? तिथं डोळे फसतात, आणि कान एवढंच म्हणतो की 'मला तरी काही जाणवलं नाही बुवा', म्हणून क्षणात खरं कळतं. तुमचा कान आता प्रत्येक वेळी तेच म्हणतो."

"खरंच हललं तरी?"

"खरंच हललं तरी. ते भाकितामुळं."

त्यांनी समजावून सांगितले ते असे. घाटात गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला गाडी लागत नाही. मागे बसलेल्या प्रवाशाला लागते. वळण दोघांनाही सारखेच असते. फरक इतकाच, की स्टिअरिंग फिरवण्याची आज्ञा हातांना देताना ड्रायव्हरचा मेंदू त्या आज्ञेची प्रत स्वतःजवळ ठेवतो, आणि कानाकडून वळणाची संवेदना आली की तिच्यातून ती वजा करतो. उरते ती बातमी. आपण स्वतः केलेली हालचाल मेंदूच्या दृष्टीने बातमी नव्हे. दुसऱ्याने आपल्याला हलवले, तर ती बातमी.

पुढे रस्त्यांवर आपणहून धावणाऱ्या गाड्या आल्या. ड्रायव्हर कोणीच उरला नाही, सगळेच प्रवासी झाले, आणि सगळ्यांनाच गाडी लागू लागली. म्हणून तोलकाच्या कारखानदारांनी त्यात भाकीत घातले. रस्त्याची वळणे, लिफ्टची चाल, माणसाची पावले, जे जे पुन्हा घडते ते तोलक शिकतो आणि मेंदूपर्यंत जाण्याआधीच वजा करतो; त्यात मिसळलेले लहानसहान धक्केही गाळतो. आता तर धडधाकट माणसेही कानामागे चिकटवण्याचा तोलक वापरत होती.

"म्हणजे तो बाक तोलकाला पाठ झालाय," अविनाशराव म्हणाले.

"बाक, तुमची खुर्ची, तुमची बस. काका, याला आम्ही यश म्हणतो."

"मग मला बातमी द्यायची कोणी?"

डॉक्टर हसल्या. "बहुतेक लोकांना बातमी नकोच असते."

त्यांच्या आग्रहाखातर डॉक्टरांनी भाकीत थोडा वेळ बंद केले. खोली एका बाजूला कलली आणि तशीच कलत राहिली. अविनाशरावांनी टेबलाची कड घट्ट धरली. घशाशी आंबट आले. पण त्याच वेळी पायांखालून एक लांबट, जड थरथर येऊन निघून गेली.

"खालून ट्रक गेला का?"

"गेला असेल. मला नाही कळलं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्याही कानामागे बोटभर रुंदीची पांढरी पट्टी होती.

लगेच फोन वाजला. भाकिताचे कुलूप तेजलच्या फोनमध्ये होते, आणि ते डॉक्टरांनी उघडले तरी तिच्याकडे लाल खूण उमटत असे.

"बाबा, काय झालं? कुठे आहेस?"

"डॉक्टरांकडे आहे. काही नाही. गंमत पाहत होतो."

"असल्या गमती नको करूस रे," ती म्हणाली.

हिरवी खूण परत येईपर्यंत तिने फोन ठेवला नाही.

होळीच्या आधीच्या रविवारी थोरल्या बंधूंचा, हरिश्चंद्रांचा, नेहमीप्रमाणे फोन आला. दर रविवारी दोघे भाऊ फोनवर एकमेकांना पाहत. हरिश्चंद्र कोकणात तळवडेकोंडला घर सांभाळून होते. फोनच्या चौकटीत त्यांचा चेहरा, मागचा ओटीचा खांब आणि वरचे वासे चित्रासारखे दिसत.

"काय रं, शिमग्याला येनार ना? का याही वर्षी फोनवरच पालखी?"

"दादा, मी काय करणार येऊन? नुसतं बघायला?"

"बघायला कशाला? गावकर बोलले परवा. अविनाशला मशीन बसलंय, आता तो पडतच नाय म्हनं. पुढचा दांडा रिकामा हाय तुझा. आन ह्या वर्षी नाय आलास तर मग नकोच येऊस."

"असं का बोलतोस?"

"माझा पोरगा मस्कतला, तुझी पोर तिकडं. आपल्या घरानं यंदा दोन मानसं उभी नाय केली, तर मान धुमकांच्या घरात जानार. गावकीत ठरलंय तसं."

वाघजाईची पालखी शिमग्यात घरोघर येई आणि प्रत्येक अंगणात नाचवली जाई. पहिला दांडा धरण्याचा मान शिगवणांच्या घराचा होता. दोघांच्या खांद्यांवर एकच लांब दांडा, मधोमध पालखी, आत देवीची रूपे, म्हणजे धातूचे मुखवटे. पुढच्याला मागचा दिसत नाही. शिवाय दांड्याखाली उभ्या असलेल्यांनी एकमेकांशी बोलायचे नाही, अशी गावाची रीत होती. बोलले की देवीचे ओझे वाढते, असे म्हणत. त्यामुळे कधी बसायचे, कधी गिरकी घ्यायची, कुणाचा दम संपला, हे सारे दांड्यातूनच कळे. अविनाशराव पुढे आणि हरिश्चंद्र मागे, असे ते तरुणपणापासून नाचवत आले होते. नोकरीत कंपनांचे काम मिळाले तेव्हा अविनाशरावांना ते नवे वाटले नव्हते. त्यांचे पहिले कंपनमापक म्हणजे वाघजाईचा दांडाच होता.

"येतो," ते म्हणाले.

घाटातून बस आपली आपण उतरत होती. लहानपणी याच घाटात निम्मी गाडी खिडकीबाहेर डोके काढून बसलेली असे, आणि कोणीतरी कोणाला तरी लिंबू हुंगायला देत असे. आता सगळे प्रवासी ताठ बसून आपापल्या पडद्यात पाहत होते. कोणाला लिंबू लागत नव्हते.

सुगंधावहिनींनी दारात पायांवर पाणी घातले. "भावजी, वाळलात की. तिकडं जेवता का नुसतं चार्जिंग करता?"

चहा आला. अविनाशरावांना कप-बशी, आणि हरिश्चंद्रांना स्टीलचा उंच पेला, त्यातही अर्धाच चहा.

"दादाला एवढाच?"

"मागून घेतात लागला तर," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. हरिश्चंद्रांनी पेला दोन्ही हातांनी उचलला, एका घोटात संपवला आणि हात पाठीमागे बांधून अंगणात गेले.

पालखी घरी येण्याच्या आदल्या दिवशी शिगवणांच्या अंगणात सराव होई. जुना दांडा, मधे भाताची दोन पोती, ढोल नाही, ताशा नाही. गावचे प्रमुख, गावकर बाळाराम धुमक, आपल्या पुतण्याला घेऊन कट्ट्यावर बसले होते.

"बघू दे, बॅटरीवरचा मानकरी कसा नाचतो ते," ते म्हणाले.

दांडा खांद्यावर आला. अविनाशरावांनी गुडघे वाकवले, उठले, डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले. तीन वर्षांत प्रथमच त्यांचे पाऊल इतके खात्रीचे पडत होते. चार-सहा वेळा दांडा खाली-वर झाला, तोवर तोलकाला त्याची लय पाठ झाली, आणि मग खांद्यावर काही आहे हेही जवळजवळ विसरायला झाले. वजन होते, पण ते त्यांचे स्वतःचेच वाटत होते.

"वा!" गावकर म्हणाले. "खांब आहे खांब."

अविनाशरावांनी गिरकी घेतली. अर्ध्या गिरकीत मागे काहीतरी घसटले, आणि पोती जमिनीवर आदळल्याचा आवाज आला. ते वळले. हरिश्चंद्र गुडघ्यावर पडले होते. एक पोते उसवून भात अंगणभर पसरला होता.

"दादा, लागलं का?"

हरिश्चंद्र गुडघा धरून बसले होते. वहिनी धावत आल्या, त्यांनी हळद आणली. गावकर कट्ट्यावरून उतरले.

"दोनदा दाबला दांडा," हरिश्चंद्र अखेर म्हणाले. "दोनदा. थांब म्हनून. माझा पाय उचलत नव्हता. तू तसाच वळत गेलास."

"मला कळलं नाही."

"पयले तू नुसत्या माझ्या श्वासावर थांबायचास." त्यांनी धाकट्या भावाकडे पाहिले. त्या पाहण्यात राग असता तर बरे झाले असते. "त्या टोकाला कोण नव्हताच रं, अविनाश. मी एकटाच नाचत होतो."

गावकरांनी पसरलेला भात पायाने बाजूला केला. "हरचंद, ही देवीची बाब आहे. पोती पडली ते ठीक. उद्या तुझ्यासंगती पुढं माझा पुतण्या उभा राहू दे. मान तुमचाच बोलू यंदा."

"सकाळी सांगतो," हरिश्चंद्र म्हणाले.

संध्याकाळी अविनाशराव अंगणाच्या कडेला, फणसाखाली बसले. समोरच्या चुलीवर वहिनी पाणी तापवत होत्या, ओटीवर भाऊ गुडघ्याला शेक घेत होते, वाडीतून माणसे भेटायला येत होती, पाठीवर थाप मारून जात होती. प्रत्येक थाप त्यांना ऐकू येत होती. त्यामुळे आपण हललो असे मात्र जाणवत नव्हते. चिंचवडच्या घरात एकटेपणा होता, पण तिथे त्याला कारण होते. इथे माणसांनी भरलेल्या अंगणात तोच एकटेपणा त्यांच्याबरोबर आलेला होता, कानामागच्या हाडात बसून.

त्यांनी तेजलला फोन लावला.

"कुलूप उघड. उद्या दुपारपर्यंत."

"बाबा, तू पडशील."

"पडेन कदाचित."

"आणि देवीसकट पडलास तर? गाव काय म्हणेल?"

"मागे दादा आहे."

"काका सहासष्ट वर्षांचे आहेत."

"म्हणून तर."

ती म्हणाली, "मी लहान होते तेव्हा तू मला खांद्यावर घेऊन नाचायचास. मला वाटायचं, तू जाणूनबुजून डगमगतोस. मला हसवायला."

"जाणूनबुजून नव्हतो डगमगत. तू हलायचीस, म्हणून मी हलायचो."

"दुपारपर्यंतच," तेजल म्हणाली.

सकाळी उठताच त्यांनी भाकीत बंद केले. अंगण होडीसारखे झुलू लागले. गोठ्याच्या भिंतीला हात लावत ते मागे गेले आणि दोनदा ओकले. वहिनींनी लिंबू कापून हातात दिले.

"काय हो भावजी, डोहाळे लागले की काय या वयात?"

"वहिनी, हसवू नका. हसलो की घर फिरतं."

"फिरू दे. नवं नाय त्याला," त्या म्हणाल्या आणि त्यांना दंडाला धरून ओटीपर्यंत आणले. त्या उजव्या पायाने किंचित लंगडत होत्या. ते अविनाशरावांना त्यांच्या हातातून कळले. काल दिवसभर डोळ्यांनी पाहूनही कळले नव्हते.

हरिश्चंद्र पायरीवर उभे होते. त्यांनी भावाचा पांढराफटक चेहरा पाहिला, कपाळावरचा घाम पाहिला.

"बंद केलंस?"

"हो."

"उभा राहशील?"

"माहीत नाही."

हरिश्चंद्रांनी मान हलवली आणि गावकरांना निरोप पाठवला की पुढचा दांडा अविनाशच घेईल.

ढोल आधी पायांना ऐकू आले आणि मग कानांना. पालखी अंगणात आली. वहिनींनी ओटी भरली, आरती झाली. गुरवाने गाऱ्हाणे घातले. दोघे भाऊ अनवाणी पुढे झाले आणि दांडा खांद्यांवर आला.

वजनाबरोबर सगळे एकदम आले. ढोलांचा ठोका जमिनीतून पोटरीत चढला. पालखीच्या गोंड्यांचे झुलणे, रूपांचे जड, सावकाश हेलकावे, वाऱ्याने फुगणारे वस्त्र, हे सारे दांड्यात होते. अविनाशरावांनी डोळे एका जागी, तुळशीवृंदावनाच्या कोपऱ्यावर, खिळवून ठेवले. तरी वृंदावन सरकत राहिले. त्यांचे पाऊल डावीकडे गेले. दांडा तिरपा होऊ लागला. तेवढ्यात मागून एक हलका दाब आला आणि तो सरळ झाला.

मागे भाऊ होता.

त्यांचा श्वास दांड्यातून येत होता. गुडघ्याचे जपून वाकणेही. आणि आणखी काहीतरी. अविनाशरावांनी नकळत, जुन्या सवयीने, त्या एकेका कंपनाला वेगळे काढायला सुरुवात केली. हा ढोल. हे पाऊल. हा श्वास. ते वजा जाता उरली एक बारीक, नियमित थरथर, सेकंदाला चार-पाच वेळा येणारी. ढोलाशी तिचा ताल जुळत नव्हता. दांडा उचलला की ती थांबे. दांडा स्थिरावला, भावाचा हात त्यावर नुसता टेकून राहिला, की पुन्हा सुरू होई. श्रमाने येणारा कंप याच्या उलट असतो. तो काम करताना वाढतो.

अर्धा पेला चहा. पाठीमागे बांधलेले हात. गिरकीच्या वेळी जमिनीला चिकटलेला पाय.

ढोलांनी लय वाढवली. आता गिरकी यायची. अंगणातली माणसे "हो, हो" करू लागली. मागून दांडा एकदा दाबला गेला, इतका हलका की कालच्या माणसाला तो कळलाच नसता. अविनाशराव थांबले. गिरकी घेतली नाही. त्यांचे स्वतःचे शरीरही आता पुढे-मागे होत होते. ते पुढे कलले की मागून दांडा त्यांना धरून ठेवी. थरथर वाढली की ते खांदा घट्ट रोवून ती आपल्यात घेत. एकाला उभे राहता येत नव्हते, दुसऱ्याला वळता येत नव्हते. मधे वाघजाई एका लयीत झुलत राहिली. ढोलवाल्यांना आधी काही समजले नाही. मग त्यांनी आपण होऊन ठेका संथ केला.

ते किती वेळ चालले हे दोघांपैकी कोणालाही सांगता आले नसते. दांडा खाली उतरला तेव्हा अंगणात गलका नव्हता. एक म्हातारी पुढे येऊन पालखीच्या पाया पडली आणि म्हणाली, "यंदा आई नाचली नाय. डुलली."

हरिश्चंद्रांनी धुमकांच्या पुतण्याला जवळ बोलावले, दांड्यावर त्याचा हात ठेवला आणि गावकरांकडे पाहिले. "पुढल्या वर्षी तुमच्याकडं," ते म्हणाले. गावकरांनी मान डोलावली. पालखी पुढच्या घराकडे निघाली. शिगवणांचा मान तिच्याबरोबर गेला.

दोघे भाऊ ओटीवर टेकले. अविनाशराव खांबाला पाठ लावून डोळे मिटून बसले होते.

"कळलं तुला," हरिश्चंद्र म्हणाले.

"कळलं. केव्हापासून?"

"दोन वर्सं होतील. चिपळूनला दाखवलं. कंपवात हाय म्हनाले. गोळ्या चालू हायेत. सुगंधाला ठाऊक हाय, बाकी कोनाला नाय."

"दर रविवारी बोलतो आपण. मला का नाही सांगितलंस?"

"तू तिथं एकटा. तुला उभं राहता येत नव्हतं. त्यात माझं कुठं?" त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "आन मला वाटायचं, दिसत असंल तुला. फोन हातातच धरतो की मी. तू काय बोलत नाय, म्हनजे तुला बोलायचं नसंल."

दुपारी त्यांनी भाकीत चालू केले, आणि तेजलच्या फोनमध्ये हिरवी खूण परतली. घाट चढताना अविनाशरावांना काहीही झाले नाही. बसमध्ये चढताना हरिश्चंद्रांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हात त्यांनी खिडकीच्या काचेत पाहिला.

चिंचवडच्या घरात सर्व काही जागच्या जागी होते. अविनाशराव पुन्हा स्थिर पावलांनी चालू लागले, बाजारात जाऊ लागले, दूध आणू लागले. भाकीत बंद करून एकट्याने स्वयंपाकघरापर्यंतही जाता येत नाही, हे त्यांनी एकदा करून पाहिले आणि पलंगाच्या कडेला बराच वेळ बसून राहिले. तेजलने त्या वेळी लाल खूण पाहिली असणार. तिने फोन केला नाही. शिमग्याला उघडलेले कुलूपही पुन्हा लावले नाही.

रविवारी भावाचा फोन आला. चेहरा, खांब, वासे, सगळे चित्रासारखे. हरिश्चंद्र वाडीतल्या गोष्टी सांगत होते. अविनाशराव ऐकत नव्हते. ते चौकटीच्या कडांकडे पाहत होते. थरथरत्या हातात धरलेल्या फोनमधले चित्र स्थिर कसे? आणि मग त्यांच्या लक्षात आले. कॅमेऱ्याच्या आतही एक गतिमापक असतो. हात हलला की तो ती हालचाल मोजतो, चित्र तेवढेच उलट सरकवतो आणि पाहणाऱ्याला फक्त स्थिर माणूस दाखवतो. तोलकाचाच सख्खा भाऊ. दोन वर्षे दर रविवारी त्याने ती थरथर वजा केली होती.

"दादा, वहिनींना बोलाव जरा. फोनमध्ये एक गोष्ट बंद करायची आहे."

"बिघडलाय काय? चांगला दिसतो की मी."

"फार चांगला दिसतोस. बंद कर."

वहिनी आल्या. अविनाशरावांनी सांगितले तशी त्यांनी दोन-तीन ठिकाणी बोटे लावली, "हे काय, भावजी, हे पुसू?" असे विचारत. शेवटी एक बटण डावीकडे सरकले.

पलीकडे कपाळ, ओटीचा खांब, वासे, वाशांमधून येणारा उजेड, सारे बारीक थरथरू लागले. हरिश्चंद्रांनी स्वतःलाच पडद्यावर पाहिले आणि फोन खाली ठेवू लागले.

"राहू दे," अविनाशराव म्हणाले. "हातातच राहू दे."

मग त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवली, पाय जमिनीवर रोवले आणि कानामागे बोट नेऊन भाकीत बंद केले. खोली कलली. तेही हलू लागले. दोन्ही चौकटींत दोन म्हातारी माणसे, एक थरथरत, एक डुलत, एकमेकांकडे पाहत राहिली. वहिनी केव्हाच आत गेल्या होत्या. बराच वेळ दोघांपैकी कोणी काही बोलले नाही. दांड्याखाली बोलायचे नसते.